ठाव न लागलेलें पाणी

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्याची बर्फाशीं ओळख गारपिटीपुरती आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यावर गारांचा जो मारा झाला तो, आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजीं याच जिल्ह्यांत पुनः जी गारपीट झाली ती, तेथील लोक विसरलेले नाहींत. उभा गहू, हरभरा, मोसंबीच्या बागा यांचा पाहतां पाहतां चुराडा झाला, आणि थोड्याच वेळांत त्या गारांचें पाणी होऊन तें जमिनींत मुरूनही गेलें. परंतु ज्या बर्फाला वितळण्यास तासच काय, वर्षेंही पुरत नाहींत, ज्याच्या राशी डोंगराएवढ्या असून समुद्रावर तरंगत फिरतात, त्या बर्फाची कल्पना दुधनेच्या किंवा पूर्णेच्या कांठीं बसून करणें सोपें नाहीं. समुद्रच जेथून शेकडो किलोमीटर दूर, तेथून ध्रुवाजवळचा समुद्र किती दूर असेल!

तरी त्या समुद्रावरील संकटाचें मर्म समजण्यास जी एक गोष्ट लागते, ती या जिल्ह्याला अपरिचित नाहीं. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतील नदीकांठच्या गांवांना नाव आणि नावाडी नवीन नाहींत. गढूळ पाण्यांतून नाव पैलतीराला नेतांना नावाडी समोरच्या लाटेकडे जितकें पाहतो, त्याहून अधिक लक्ष हातांतल्या बांबूकडे देतो. बांबू तळाला टेकवीत, ठाव घेत तो पुढें सरकतो. कारण मागच्या पुरानें वाळूचा दांडा कोठें सरकविला आणि कोणता खडक उघडा पाडला, हें वरून कळत नाहीं. वाहत येणारा ओंडका दिसतो आणि चुकवितां येतो. नाव फोडतो तो न दिसणारा खडक. ध्रुवप्रदेशांतील जहाजांची कथा थोडक्यांत हीच आहे. फरक इतकाच कीं, तेथें ओंडक्याच्या जागीं हिमनग असतो, आणि तो चुकविण्याच्या नादांत जहाज खडकावर जाऊन बसल्याचीं उदाहरणें आहेत.

प्रथम दिसणाऱ्या संकटाचा विचार करूं. ध्रुवाकडील समुद्रांत बर्फ दोन प्रकारांनीं येतें. एक, समुद्राचेंच पाणी गोठून झालेलें. खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. सुमारें उणे १.८ अंश सेल्सियसपर्यंत उष्णमान उतरलें म्हणजे त्याच्यावर साय धरूं लागते, आणि हिवाळा वाढेल तशी ती साय जाड होऊन तिचा एक ते दोन मीटर जाडीचा थर बनतो. वारा आणि प्रवाह यांच्या रेट्यानें या थराचे तुकडे एकमेकांवर चढतात, आणि मध्यें सांपडलेल्या जहाजाच्या बाजू अडकित्त्यांतील सुपारीप्रमाणें दाबल्या जातात. शॅकल्टन यांचें ‘एन्ड्युरन्स’ हें जहाज १९१५ सालीं दक्षिणेकडील वेडेल समुद्रांत असेंच चिरडून बुडालें. त्याचे अवशेष मार्च २०२२ मध्यें सुमारें तीन हजार मीटर खोलीवर सांपडले.

दुसरें बर्फ जमिनीवरचें असतें. हजारो वर्षांच्या हिमवर्षावानें जमिनीवर साठलेले थर आपल्याच भारानें हळूहळू समुद्राकडे सरकतात, आणि कांठाशीं आल्यावर त्यांचे कडे तुटून समुद्रांत पडतात. हेच हिमनग. बर्फ पाण्याहून थोडेंच हलकें असल्यामुळें हिमनगाचा सुमारें नऊ-दशांश भाग पाण्याखालीं असतो. तथापि मोठ्या हिमनगाची भीति नाविकांना तितकीशी वाटत नाहीं. तो दुरून दिसतो, आणि रडार यंत्राच्या पडद्यावरही उमटतो. खरा घातक असतो तो त्याचा फुटून निघालेला, बैलगाडीएवढा तुकडा. तो पाण्याच्या पृष्ठभागाशीं जवळजवळ समपातळींत तरंगतो. खवळलेल्या लाटांच्या गर्दींत यंत्राला तो लाटेहून वेगळा ओळखूं येत नाहीं आणि रात्रीं डोळ्यांना दिसत नाहीं. इंग्रज खलाशांनीं त्याला जें नांव दिलें आहे, त्याचा अर्थ ‘गुरगुरणारा’ असा होतो.

या बर्फापुढें उत्तम बांधणीही किती थिटी पडते, हें ‘हान्स हेडटॉफ्ट’ या डॅनिश जहाजाच्या कथेवरून दिसून येईल. ग्रीनलंडच्या हिवाळी वाहतुकीसाठीं तें मुद्दाम बांधलें होतें. त्याला दुहेरी तळ होता, आणि तें सुरक्षित आहे अशी त्याची ख्याति होती. पहिल्याच सफरीहून परततांना, ३० जानेवारी १९५९ रोजीं, ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाजवळ तें हिमनगावर आदळलें. कांहीं तास त्याचे बिनतारी संदेश येत राहिले. मग ते थांबले. जहाजावर ९५ माणसें होतीं. त्यांपैकीं एकही वांचलें नाहीं. पुढें कित्येक महिन्यांनीं आइसलंडच्या किनाऱ्याला त्या जहाजाचें एक जीवरक्षक कडें लागलें, तेवढीच त्याची खूण.

आतां न दिसणाऱ्या संकटाकडे वळूं. समुद्राच्या तळाची खोली मोजण्याची जुनी रीत अशी होती कीं, शिशाचा ओळंबा दोरीला बांधून पाण्यांत सोडावा आणि दोरी किती वाव सुटली तें मोजावें. ही रीत गोदावरीवरील बांबूचीच मोठी बहीण होय. परंतु ओळंबा ज्या जागीं टेकला, त्या एका जागेचीच खोली त्यानें कळते. नकाशावर दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहिलेले असले, तरी त्या दोहोंच्या मध्यें एखादा सुळका पाण्याखालीं दबा धरून बसला नसेल, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पुढें ध्वनीच्या लाटा तळाकडे पाठवून प्रतिध्वनीवरून खोली ठरविणारीं यंत्रें आलीं, आणि एका वेळीं तळाचा रुंद पट्टा मोजणारींही निघालीं. पण हें काम करण्यासाठीं जहाजाला त्याच पाण्यांतून, शेतांतल्या तासाला तास लावून औत फिरवावें तसें, पुनः पुनः जावें लागतें. ध्रुवप्रदेशांत उन्हाळा थोड्या आठवड्यांचा, त्यांतही बर्फ वाट अडवितें. म्हणून आजही तेथील समुद्राचा फारच थोडा भाग आधुनिक पद्धतीनें मोजला गेला आहे. नकाशावर कित्येक ठिकाणीं कोणा एका जुन्या जहाजानें जातां जातां घेतलेल्या मापनांची एकच रेघ असते, आणि तिच्या दोहों बाजूंना कोरा कागद.

शिवाय तेथील तळाचें रूपच फसवें आहे. पूर्वीं ज्या हिमनद्या त्यावरून सरकल्या, त्यांनीं कठीण खडक खरवडून खोल दऱ्या पाडल्या, मध्येंच सुळके उभे ठेवले, आणि वितळतांना दगडमातीचे ढीग टाकून दिले. त्यामुळें खोल पाण्यांतून चाललेल्या जहाजासमोर एकाएकीं उथळ जागा उभी राहूं शकते. उष्णमान वाढल्यानें हिमनद्या मागें हटूं लागल्या आहेत, आणि जेथें नकाशावर बर्फ दाखविलें आहे तेथें आतां मोकळें पाणी पसरलेलें आढळतें. त्या पाण्याचा ठाव कोणीं घेतलेलाच नसतो. बर्फ कमी झालें म्हणजे धोका कमी झाला, अशी समजूत सहज होते. परंतु उघडी झालेली वाट ही मोजलेली वाट नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां उपग्रह आहेत, मग भीति कसली? उपग्रह जहाज पृथ्वीवर नेमकें कोठें आहे हें कांहीं मीटरांच्या अंतरानें सांगतात, हें खरें. चुंबकीय ध्रुवांजवळ होकायंत्राची सुई मंद आणि अविश्वसनीय होते, तेथें ही मदत मोलाचीच आहे. परंतु जहाज कोठें आहे हें सांगणारा उपग्रह त्याच्या तळाखालीं किती पाणी उरलें आहे हें सांगत नाहीं. उलट, जुन्या नकाशावरील बेट किंवा खडक मुळांतच थोडा सरकलेला काढला असेल, तर आपलें स्थान अचूक ठाऊक असलेला नाविकही फसतो.

१९८९ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत पृथ्वीच्या दोन टोंकांकडे दोन अपघात घडले, आणि दोन्ही मिळून एकच धडा शिकवितात. २८ जानेवारी रोजीं अर्जेंटिनाच्या आरमाराचें ‘बाहिआ पाराइसो’ हें रसदवाहू जहाज दक्षिण ध्रुवखंडांतील अमेरिकेच्या पामर ठाण्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याखालच्या खडकावर आदळलें. जहाजावर पर्यटकही होते. सर्व माणसें सुखरूप उतरविण्यांत आलीं. परंतु सुमारें ६ लाख लिटर तेल समुद्रांत सांडलें, आणि तेथील पक्ष्यांना व किनाऱ्यावरच्या जीवांना त्याची झळ पोहोंचली. ठाणें डोळ्यांसमोर, हवा अनुकूल, आणि घात झाला तो खालून.

त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वींच, २४ मार्च रोजीं, अलास्कांतील व्हाल्डेझ बंदरांतून कच्चें तेल भरून निघालेलें ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हें प्रचंड जहाज ब्लाय नांवाच्या खडकावर चढलें. तेथील कोलंबिया हिमनदीचे तुकडे जहाजांच्या नेमून दिलेल्या मार्गांत आले होते. ते चुकविण्यासाठीं जहाज मार्ग सोडून बाजूला गेलें, आणि योग्य वेळीं परत वळलें नाहीं. हा खडक अज्ञात नव्हता. नकाशावर तो स्पष्ट होता. त्या वेळीं कप्तान सुकाणूपाशीं नव्हता. जहाज तिसऱ्या दर्जाच्या अधिकाऱ्यावर सोंपविलें होतें. सुमारें ४ कोटी लिटर तेल सांडलें, शेकडो किलोमीटर किनारा काळा झाला, आणि कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्यावर कुऱ्हाड पडली. बर्फ चुकलें, खडक चुकला नाहीं.

परंतु या सर्वांहून विचार करावयास लावणारी कथा ‘क्लिपर अॅडव्हेंचरर’ या प्रवासी जहाजाची आहे. २७ ऑगस्ट २०१० रोजीं कॅनडाच्या उत्तरेकडील कॉरोनेशन आखातांत तें सुमारें १४ नॉट, म्हणजे ताशीं २६ किलोमीटर वेगानें चाललें होतें. हवा शांत होती. एकाएकीं तें पाण्याखालच्या उथळ खडकाळ जागेवर चढून बसलें. त्यावर १२८ प्रवासी आणि ६९ खलाशी होते. दोन दिवसांनीं कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या जहाजानें प्रवाशांना उतरवून नेलें, आणि सुदैवानें कोणालाही इजा झाली नाहीं. पुढें चौकशींत काय आढळलें? तो उथळ भाग २००७ मध्येंच सांपडला होता, आणि त्याची सूचनाही प्रसिद्ध झाली होती. परंतु जहाजावरील नकाशावर ती सूचना उतरविलेली नव्हती. समोरच्या पाण्याची खोली पाहणारें यंत्र जहाजावर होतें, पण तें बंद पडलेलें होतें. जहाजमालकांनीं सरकारवर दावा लावला कीं, इशारा नीट दिला नाहीं. न्यायालयानें २०१७ सालीं तो फेटाळला, आणि उलट सरकारला झालेला खर्च मालकांनीं द्यावा असें ठरविलें. ज्ञान जगांत होतें. तें सुकाणूपाशीं पोहोंचलें नव्हतें. न मिळविलेल्या ज्ञानापेक्षां मिळवून न वापरलेलें ज्ञान अधिक लाजिरवाणें असतें.

या समुद्रावर चूक क्षम्य ठरत नाहीं, याचें आणखी एक कारण म्हणजे साह्याचें अंतर. सप्टेंबर २०२३ मध्यें ‘ओशन एक्स्प्लोरर’ हें जहाज २०६ माणसांसह ग्रीनलंडच्या ईशान्येकडील एका चिंचोळ्या खाडींत गाळावर रुतलें. साह्यास निघालेलें डेन्मार्कचें आरमारी जहाज तेव्हां दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर होतें. भरतीच्या पाण्यावर सुटण्याचे प्रयत्न फसले. अखेर तीन दिवसांनीं जवळ आलेल्या एका संशोधन-जहाजानें ओढून तें मोकळें केलें. हवा चांगली होती म्हणून हा प्रसंग वर्तमानपत्रांतील गमतीच्या बातमीवर निभावला. हवा बिघडली असती तर काय झालें असतें, याचें उत्तर ‘हान्स हेडटॉफ्ट’नें पूर्वींच देऊन ठेविलें आहे.

या कथा परमुलखांतील वाटतील. परंतु भारताचाही या पाण्याशीं आतां चार दशकांहून अधिक काळ संबंध आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला, आणि त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं गोव्याच्या मार्मागोवा बंदरांतून पहिली भारतीय मोहीम दक्षिण ध्रुवखंडाकडे निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे नेते होते, सदस्य २१ होते, आणि ‘पोलर सर्कल’ हें जहाज नॉर्वेहून भाड्यानें घेतलें होतें. ९ जानेवारी १९८२ रोजीं मंडळी बर्फावर उतरली, आणि ७७ दिवसांचा प्रवास पुरा करून गोव्याला परतली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत नागपुरांत जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिति पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोन स्त्रिया होत्या. भारतीय मोहिमेंतून दक्षिण ध्रुवखंडावर गेलेल्या स्त्रियांत त्या पहिल्या. त्याच मोहिमेंत ‘दक्षिण गंगोत्री’ हें ठाणें उभें राहिलें. तें पुढें बर्फांत गाडलें गेलें. नंतर १९८९ मध्यें ‘मैत्री’ आणि २०१२ मध्यें ‘भारती’ अशीं दुसरीं दोन ठाणीं झालीं.

या ठाण्यांना बंदर नाहीं. ‘मैत्री’ समुद्रापासून सुमारें १०० किलोमीटर आंत आहे. जहाजाला बर्फाच्या उभ्या कड्याशीं लागावें लागतें, आणि तेथून सामान बर्फावरून वाहून न्यावें लागतें. बहुतेक मोहिमांसाठीं भारतानें परदेशीं बांधलेलीं, बर्फांत चालण्यास योग्य अशीं जहाजें भाड्यानें घेतलीं. त्यांपैकीं ‘माग्डालेना ओल्डेनडॉर्फ’ हें एक. २००२ च्या जूनमध्यें, तेथील ऐन हिवाळ्यांत, रशियन शास्त्रज्ञांना घेऊन परततांना तें बर्फांत अडकलें. त्या वेळीं त्यावर १०७ माणसें होतीं. तेथें त्या दिवसांत सूर्य उगवतच नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास’ या जहाजानें जवळ येऊन त्यांतील ८९ जणांना हेलिकॉप्टरनें बाहेर काढलें; अर्जेंटिनाचें एक हिमभेदक जहाजही मदतीस गेलें; आणि उरलेल्या खलाशांनीं जहाजासह तो हिवाळा बर्फांतच काढला. ज्या लोखंडी भिंतींच्या आड भारतीय शास्त्रज्ञांनीं प्रवास केला होता, त्यांच भिंतींच्या आड ही परीक्षा झाली. परदेशांतील अपघात आणि स्वदेशाची काळजी यांतील अंतर एवढेंच आहे.

उपाय नाहींत असें नाहीं. १९१२ च्या ‘टायटॅनिक’च्या आपत्तीनंतर उत्तर अटलांटिक समुद्रांत हिमनगांवर पाळत ठेवण्याची व्यवस्था झाली. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांत जाणाऱ्या जहाजांसाठीं आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले; जहाजाची बांधणी, खलाशांचें शिक्षण, बर्फाची आणि खोलीची माहिती, मदत येईपर्यंत तग धरण्याची तयारी, या सर्वांचा त्यांत विचार आहे. ढगांआडूनही बर्फ पाहूं शकणारे उपग्रह रोज चित्रें पाठवितात. परंतु वर सांगितलेल्या अपघातांकडे पुनः पाहिलें, तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील पुष्कळसे यंत्राच्या अभावानें घडलेले नाहींत. बंद यंत्र दुरुस्त न करतां निघणें, प्रसिद्ध झालेली सूचना नकाशावर न उतरविणें, न मोजलेल्या पाण्यांतून मोजलेल्या पाण्याच्या वेगानें जाणें, एका संकटावर डोळा खिळवून दुसऱ्याचा विसर पडणें, हीं माणसाचीं कृत्यें आहेत, आणि तीं माणसालाच सुधारतां येतात.

म्हणून ध्रुवसमुद्रावर जाणते नाविक एक साधा आचार पाळतात. जेथें नकाशा कोरा, तेथें वेग कमी. जेथें धुकें किंवा तुटकें बर्फ, तेथें पहारा दुप्पट. आधीं दुसरें जहाज ज्या रेघेनें सुखरूप गेलें, ती रेघ शक्य तोंवर सोडावयाची नाहीं; आणि सोडणें भागच पडलें, तर लहान होडी पुढें पाठवून पाण्याचा ठाव घेतल्यावांचून मोठें जहाज पुढें न्यावयाचें नाहीं. यांत वेळ जातो, इंधन जातें, प्रवासी कुरकुरतात. परंतु हा खर्च ज्यांना जड वाटला, त्यांना पुढें कशाकशाची किंमत मोजावी लागली, हें वर आलेंच आहे.

गोदावरीवरचा नावाडी याहून वेगळें काय करतो? पाणी ओळखीचें असलें, तरी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपेला तो बांबू घेतल्यावांचून नाव लोटीत नाहीं. आणि बांबू दगडावर खटकला, तर कांठावरचे लोक कितीही हांका मारोत, तो नाव मागें घेतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. बर्फाच्या समुद्रावर जाणाऱ्या पोलादी जहाजाला यंत्रें पुष्कळ लाभलीं आहेत. त्या नावाड्याचा हा संयमही त्याच्या सुकाणूपाशीं असला, तर त्यावरचीं माणसें घरीं परत येतील.